पाच विती, दोन बोटं

३ सप्टेंबर

वहिनीस,

तुझं पत्र पोचलं. यंदा अंजिराला इतकी फळं लागली की पाखरांनी खाऊनही उरली, हे वाचून बरं वाटलं. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात, त्यांना कुठल्याच ऋतूत काही लागत नाही. म्हणून तुझ्या पत्रातलं परस मी दोनदा वाचते आणि बाकीचं वरवर बघते. बाकीच्यात बहुधा तुझा नवरा असतो.

तो माझा सख्खा भाऊ आहे, याची तू दर पत्रात आठवण करून देतेस. ठाऊक आहे मला. दहा वर्षांपूर्वी चार महिने खपून मी त्याला स्वेटर विणला. पुढच्या थंडीत त्याच्या ऑफिसात गेले, तर स्वेटर लिफ्टमनच्या अंगावर. माझाच स्वेटर मला विचारतो, कितवा मजला? चौथ्या मजल्यापर्यंत गेले, बाहेर पाऊल टाकलं नाही, तशीच खाली आले. तेव्हापासून जो अबोला आहे तो आहे. नऊ वर्षं झाली. तो एकदाही 'अक्का, चुकलं' म्हणाला नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

पण आता निवृत्त झालेय. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात चेकर होते. अर्ध्या इंचाचा फरक दिसला की माल परत. घरी बसून आता काय परत पाठवू? हात शिवशिवतात. म्हणून ठरवलंय, त्याला एक स्वेटर विणून बघते. घातला, तर मी आपणहून बोलेन. नाही घातला, तर मला भाऊ नव्हताच असं धरून चालेन. मग तूही मध्ये पडायचं नाहीस.

त्याची मापं कळव. टेपनं नको. तीस वर्षं टेप गळ्यात घालून हिंडले, आता तिचं तोंड बघायचं नाही. आमची आई वितीनं मापायची, तसं वितीनं मापून कळव. त्याला पत्ता लागू देऊ नकोस. आणि फोन करू नकोस. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलास, फोनवर इतकं गोड बोलतेस की खरं-खोटं वेगळं करता येत नाही. कागदावर माणूस सापडतो.

अक्का
(तुझी. त्याची कधी, ते बघू.)


१४ सप्टेंबर

वन्संना नमस्कार.

मापं घेतली. रविवारी दुपारी जेवून आडवे झाले तेव्हा साधलं. अर्धी छाती मापली आणि दुप्पट केली, कारण उरलेली अर्धी गादीवर टेकली होती. छाती पाच विती, दोन बोटं. खांद्यापासून खालपर्यंत चार विती. बाही तीन विती. बाही मापताना जागे झाले, म्हणाले, "काय चाललंय?" मी म्हटलं, मुंगी होती. "तीन वितींची?" म्हणाले आणि कूस बदलून झोपले. म्हणजे मोजलेलं त्यांना झोपेतही कळलं. नकाशे काढणाऱ्या माणसाशी संसार करणं सोपं नाही हो.

परसात सध्या कोळ्याचं राज्य आहे. अंजिराच्या फांदीपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत त्यानं जाळं विणलंय. त्यामुळे आम्हाला वाकून जावं लागतं. मी झाडू उचलला, तर तुमचे बंधू आडवे आले. म्हणाले, "पट्टीशिवाय इतकी सरळ रेघ ऑफिसात एकालाही जमत नाही, राहू दे त्याला." अंजिराची पानं पिवळी पडायला लागलीत. पहाटे गोगलगाई भिंतीवर चढतात आणि ऊन येईपर्यंत जेमतेम अर्ध्या भिंतीवर पोचलेल्या असतात. रोज तेच. त्यांना बघून मला आमच्या घरातला समेटाचा प्रयत्न आठवतो.

वन्सं, एक विचारू? स्वेटर विणण्यापेक्षा एक ओळ लिहिलीत तर?

तुमची वहिनी


२२ नोव्हेंबर

वहिनीस,

ओळ लिहायला त्याला हात नाहीत का? मी थोरली आहे.

पार्सल सोबत आहे. रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा. तो लहानपणी असल्या काचा उन्हात धरून बसायचा. प्रत्येक भाग मी दोनदा मापून बघितलाय. छाती पाच विती दोन बोटं म्हणजे पाच विती दोन बोटं, एक टाका इकडचा तिकडे नाही. विणताना मात्र सारखं वाटत होतं, हा एवढा कधी भरला? तुझ्या हातचं त्याला चांगलंच मानवलेलं दिसतंय.

आम्ही त्याला पैलवान म्हणायचो, माहीत आहे? अंगानं काडी होता. पण आई लोकरीची लड गुंडाळायला बसली की लड हातात धरायचं काम त्याचं. दोन्ही हात पुढे ताणून तासन् तास बसायचा. हात भरून आले की गाल फुगवायचा, पण खाली घ्यायचा नाही. आई गेल्यावर मी विणायचे तेव्हाही तोच धरायचा. कारखान्यात लागले, मग तयार गुंडे विकत आणायला लागले. त्याला काही काम उरलं नाही.

असो. हे त्याला सांगू नकोस. त्यानं स्वेटर घातला की कळव. नुसता घडी करून कपाटात ठेवला तर ते घालणं नव्हे.

अक्का


४ डिसेंबर
(हे पत्र टाकणार नाही. बटणांच्या डब्यात ठेवणार आहे.)

वन्सं,

एक्स्चेंजमध्ये आम्हाला सक्त ताकीद असायची की दोघांची लाइन जोडून दिली की आपण कान काढून घ्यायचा. ती शिस्त अंगात मुरलीय. पण कुठेतरी खरं लिहिलं नाही तर माझं पोट फुगेल, म्हणून लिहिते.

स्वेटर त्यांनी घातला. वन्सं, तो घालता येत नाही, त्यात शिरावं लागतं. खांदे कोपरांशी आले. बाह्यांतून हात बाहेर येईनात. खालचा काठ गुडघ्याच्या जरासा वर. आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "यात मी राहीन आणि एक खोली भाड्यानं देईन."

मला हसू आवरेना. मग ते म्हणाले, "पाठवला कोणी?" मी तुमचं नाव घेतलं. त्यांची थट्टा थांबली. स्वेटर काढला, उलटा केला, खिडकीत नेऊन आतले टाके बघत उभे राहिले. चांगली पाच मिनिटं. शेवटी म्हणाले, "हातात अजून तीच सफाई आहे." आणि मग, "आता लिफ्टमन कुठून आणू? तो निवृत्त झाला."

नऊ वर्षांपूर्वी काय झालं ते तेव्हा मला कळलं. तो स्वेटरसुद्धा असाच मोठा झाला होता. हे तो घालून ऑफिसात गेले तर लोक विचारायला लागले, आजारी होता का, इतके उतरलात? लिफ्टमन चांगला आडवा होता. त्याच्या अंगावर तो बेतून शिवल्यासारखा बसला. मी म्हटलं, मग वन्संना सांगायचं ना, मोठा झालाय म्हणून. तर म्हणाले, "अक्काला? तीस वर्षं जी लोकांचा माल परत पाठवते, तिचा माल परत कोण पाठवणार? तू पाठव."

मी तरी कशी पाठवू?

स्वेटर परसातल्या वेताच्या खुर्चीवर घातलाय. तिचा वेत मध्ये फाटला होता. सकाळी चहा घेऊन तिथे बसतात.


४ डिसेंबर

वन्संना नमस्कार.

पार्सल मिळालं, जीव भांड्यात पडला. रंग इतका सुरेख की परसातली सगळी झाडं फिकी पडली. तुमचे बंधू आतले टाके बघून म्हणाले, "हातात अजून तीच सफाई आहे." हे त्यांचे शब्द आहेत, माझे नाहीत. हल्ली सकाळी स्वेटरशिवाय ते परसात बसतच नाहीत.

अंजीर पार उघडा पडलाय. एकही पान नाही. त्यामुळे वरच्या बेचक्यात खारीचं घरटं आहे ते आत्ता कळलं. सकाळच्या धुक्यात ती फांदीवर बसून दोन्ही हातांनी तोंड पुसते. तिच्या अंगावरची लोकर मात्र तिच्या मापाची आहे.

तुमची वहिनी


१० जानेवारी

वहिनीस,

'हातात अजून तीच सफाई आहे' हे वाक्य त्याचं वाटतंय. तू एवढं कमी बोलत नाहीस.

पण वाक्यानं माझं भागत नाही. तीस वर्षं मी कुणाच्या शब्दावर माल पास केला नाही. त्याचा स्वेटर घातलेला फोटो पाठव. घरातला नको, परसात उभा कर. म्हणजे अंजीरही दिसेल आणि तुझी ती खारही.

अक्का


२६ जानेवारी

वन्संना नमस्कार.

सोबत फोटो. ऊन छान होतं. डाव्या कोपऱ्यात फांदीवर जो तपकिरी ठिपका आहे ती खार. हाक मारली तर वळून बघते, पण फोटोला उभी राहत नाही. लिंबाला कळ्या धरल्यात. मधमाश्या अजून आलेल्या नाहीत. पण एक मोठा काळा भुंगा रोज येऊन चौकशी करून जातो.

तुमचे बंधू हसताना दिसत नाहीत, त्याचा अर्थ लावत बसू नका. फोटोत ते आमच्या लग्नातही हसलेले नाहीत.

तुमची वहिनी


२६ जानेवारी
(डब्यात.)

पाठीमागे चौदा चिमटे लावले, वन्सं. घरात होते तेवढे सगळे. समोरून स्वेटर असा बसला की बघत राहावं. मागून माणूस साळिंदर दिसत होता.

पण एक गोष्ट खरी घडली. मला वाटलं होतं, हातापाया पडावं लागेल. नुसतं म्हटलं, तुमच्या अक्काला फोटो हवाय. आत गेले आणि केस विंचरून आले. मग परत आत गेले आणि पुन्हा विंचरून आले.


१८ फेब्रुवारी

वहिनीस,

फोटो मिळाला. भिंगानं बघितला. शिंप्यानं अंगावरच शिवावा तसा स्वेटर बसलाय. पाठीचा फोटो का नाही काढलास? पाठ माझी सगळ्यात चांगली जमते.

त्याचे केस किती पांढरे झालेत. हे तू कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतंस. गोगलगाईंचं सगळं लिहितेस.

दोरीवर दोन चादरी आणि पाच शर्ट नुसते टाकलेले दिसतात. वाऱ्यानं उडत नाहीत का गं? जप.

बोलेन म्हटलं होतं, आठवतंय मला. पण विचार केला, स्वेटर माझ्याकडून गेला, मग निदान एक ओळ तिकडून यायला काय हरकत आहे? त्याच्या हातची. त्याचं अक्षर छापल्यासारखं असतं. 'अक्का' एवढं लिहिलं तरी चालेल. तोंडानं म्हणाला तरी चालेल. पण तो म्हणाला हे मला कळायला हवं आणि ते खरं असायला हवं.

अक्का


९ एप्रिल
(डब्यात. आणि आता मी पुरती अडकलेय.)

वन्सं,

आज ते 'अक्का' म्हणाले. कधी आणि कसं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आणि सांगता येत नाही.

अंजिराला कोवळी पानं फुटलीत, उंदराच्या कानाएवढी. खारीला पिल्लं व्हायची असावीत, आठवडाभर काड्या आणि चिंध्या नेत होती. सकाळी ते खुर्चीतून उठून बादली भरायला नळाशी गेले. खाली खुर्चीवर तुमचा स्वेटर. खार खाली उतरली. बाहीचं टोक दातांत धरलं आणि ओढायला लागली. एक टाका सुटला, तशी लोकर सरसर निघत गेली. ती ओढतेय, थांबतेय, दोन्ही हातांनी गोळा करून तोंडात कोंबतेय. मला सांगा, इतक्या हौसेनं तुमची लोकर कधी कुणी नेली होती?

मी हसत होते. तेवढ्यात ह्यांनी बादली टाकली आणि एक चप्पल काढून धावले. इतक्या वर्षांत त्यांना धावताना मी पहिल्यांदा बघितलं. आणि ओरडले, "सोड! अक्कानं विणलाय तो, माझ्या अक्कानं!"

खार वर. हे खाली, एका पायात चप्पल. मी स्वयंपाकघराच्या दारात.

मग त्यांनी स्वेटर उचलला, झटकला, त्यावर पडलेली अंजिराची कोवळी पानं एकेक करून काढली, आणि आत नेऊन नकाशांच्या लांब खणात सपाट ठेवला. त्या खणाला मलासुद्धा हात लावू देत नाहीत.

आता हे तुम्हाला लिहायचं म्हणजे स्वेटर खुर्चीवर का होता, ते लिहायला हवं. ते लिहायचं म्हणजे चिमटे आले आणि चिमट्यांमागे डिसेंबर आला. ज्या एका शब्दासाठी तुम्ही थांबला आहात, तो माझ्याकडे आहे. आणि तो पोचवला तर मी खोटी ठरते, ते तोंडघशी पडतात आणि तुम्ही उठून जाता. आयुष्यभर मी लोकांच्या लाइनी जोडल्या, घरची एक मला जोडता येत नाही.


२ जुलै

वहिनीस,

फेब्रुवारीनंतर तुझी दोन पत्रं आली, दोन्हीत परस आणि हवापाणी. पिल्लं झाली म्हणालीस, तीन. अंजिरं पिकायला लागली म्हणालीस. वाचून आनंद झाला. मी विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र कुठल्याच फांदीवर नव्हतं.

माझं सांगते. बोटं आखडायला लागलीत. सकाळी मूठ उघडायला कोमट पाण्यात हात धरून बसावं लागतं. डॉक्टर म्हणाले, विणणं बंद. मी घासाघीस केली. तर म्हणाले, एक मोठा नग, सावकाश, आणि मग सुया बाजूला. एवढा एकच माझ्या हातून व्हायचा आहे.

तो त्याचाच करावा म्हणते. पहिला इतका छान बसला, तर मापाची चिंता नाही. त्याच मापानं दुसरा सुरू करते आहे. पाच विती, दोन बोटं. लोकर आणून ठेवलीय. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी टाके घालेन.

काही सांगायचं असलं तर त्याआधी सांग.

अक्का


११ ऑगस्ट

वन्संना नमस्कार.

टाके घालू नका.

सोबत तीन पत्रं आहेत. माझ्याच हातची, तुमच्याच नावची, इतके महिने बटणांच्या डब्यात होती. तारखेच्या क्रमानं वाचा. मध्ये रागवायचं असेल तरी शेवटचं वाचल्याशिवाय रागवू नका, एवढं ऐका. शेवटच्यात एक खार आहे आणि एक शब्द आहे.

मी खोटं लिहिलं. का लिहिलं, याची खूप कारणं मनात तयार केली होती, आता लिहायला बसले तर एकच उरतं. तुमची भीती वाटते, वन्सं. मला वाटते, ह्यांना त्याहून जास्त वाटते. तुमच्या बोटांत एक स्वेटर उरलाय आणि तो माझ्या गोडबोलेपणापायी वाया जाणार, या भीतीनं आज त्या भीतीवर मात केली.

हे पत्र त्यांना दाखवलेलं नाही. परसात सध्या सगळं ओलं आणि हिरवं आहे. पण आज मला ते लिहिण्याचा हक्क वाटत नाही.

तुमची वहिनी


५ सप्टेंबर

वहिनीस,

पत्रं वाचली. क्रमानं वाचली. रागवायचं ठिकाण चार वेळा आलं, सांगितल्याप्रमाणे पुढे गेले.

चिमट्यांचं मला फोटो आला त्याच दिवशी कळलं. तुझ्यासारखी टापटिपीची बाई दोरीवर चादरी विनाचिमट्यांच्या टाकते? आणि समोरून एकही सुरकुती नाही? असल्या युक्त्या आमच्याकडे शोरूमच्या पुतळ्यांवर करायचे, फक्त तिथे टाचण्या असायच्या. कळलं तेव्हा सुया उचलून खिडकीबाहेर टाकणार होते. मग पुन्हा भिंग घेतलं. स्वेटर राहू दे, माणूस बघितला. चौदा चिमटे पाठीला लावून, केस विंचरून, माझ्यासाठी उन्हात उभा आहे. ज्याला पर्वा नाही तो एवढं सोसत नाही. म्हणून गप्प बसले आणि तुम्ही दोघं कधी बोलता याची वाट बघितली. जुलैपर्यंत थांबले. मग तुला टाचणी लावली. दुसऱ्या स्वेटरची लोकर आणलेलीच नाही. बोटांचं मात्र खरं आहे.

एकच कोडं सुटेना, की स्वेटर इतका मोठा झालाच कसा? मापात माझी चूक होत नाही. काल तुझं मापांचं पत्र काढलं. पाच विती, दोन बोटं. आणि एकदम डोक्यात आलं. वहिनी, कोणाच्या विती?

तुझा हात मला आठवतो. तुझ्या बांगड्या माझ्या चार बोटांत अडकतात. तू तुझ्या वितीनं मापलंस आणि मी माझ्या वितीनं विणलं. मग आणखी एक आठवलं. दहा वर्षांपूर्वीच्या त्या स्वेटरची मापं माझ्याकडे नव्हतीच, आईच्या जुन्या वहीतून घेतली होती. तो कॉलेजात असताना तिनं लिहून ठेवलेली. तेव्हा तो वाढत्या वयाचा होता म्हणून मी वर दोन बोटं सोडली. आणि आईची वीत अगदी तुझ्याएवढी. तिचे स्वेटर बरोबर यायचे, कारण मापायचीही तीच आणि विणायचीही तीच.

तीस वर्षं अर्ध्या इंचासाठी बायकांचा माल परत पाठवला. कुणी रडली तरी विरघळले नाही. आणि माझा स्वतःचा माल सात-आठ इंच मोठा. त्यापायी मी भावाशी नऊ वर्षं बोलले नाही. कारखान्यात कळलं तर हसून हसून मशिनी बंद ठेवतील.

माझी भीती वाटते, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. ते वाक्य लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

खारीवर चप्पल उगारली म्हणून त्याला दोन शब्द ऐकव. नेलेली लोकर तिच्याकडेच राहू दे. माझं विणलेलं आजवर सगळ्यांनी मी दिलं म्हणून घेतलं. आपणहून नेणारी ती पहिली.

हे पत्र त्याला दाखव. सगळी दाखव.

अक्का


२ ऑक्टोबर

अक्का,

स्वेटर मोठा झालाय.

हे वाक्य मी दहा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. तुझी सगळी पत्रं वाचली. रविवारी दुपारी, मुंगी आली होती त्याच गादीवर बसून. लिफ्टमनला दिला ते चुकलं. द्यायचा होता तर तुला सांगून द्यायचा. तू चौथ्या मजल्यापर्यंत आली होतीस, हे मला आत्ता कळतंय. त्या दिवशी लिफ्टमन म्हणाला होता, एक बाई वर आल्या आणि न उतरताच खाली गेल्या, तब्येत बरी नसावी. मी विचारलं, कशा होत्या? तो म्हणाला, उंच, लांब बोटांच्या. मला कळायला हवं होतं. बहुधा कळलं होतं.

डावी बाही वीतभर उसवली आहे. वीत माझी. स्वेटर परत पाठवत नाही, कारण एकदा हातातून दिला त्याचं काय झालं ते माहीत आहे. तो इथे आहे, नकाशांच्या खणात. दुरुस्त करायचा असला तर तुला यावं लागेल.

मागची खोली उन्हाची आहे. खिडकीतून अंजीर दिसतो. पाइप एकही दिसत नाही.

पैलवान


१२ ऑक्टोबर

पैलवानास,

अक्षर अजून छापल्यासारखं आहे. मजकूर दहा वर्षं उशिरा छापलास.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. सुया आणत नाही. आणते ते फक्त हात. स्वेटर मी दुरुस्त करणार नाही, सबंध उसवणार आहे, गळ्यापासून काठापर्यंत. लोकर भरपूर निघेल. त्यात तुझा बेताचा एक होईल आणि वहिनीची एक बंडी होईल. विणायचं वहिनीनं, मी शेजारी बसून तपासेन. परत पाठवताना यंदा जरा सांभाळून पाठवीन, असं तिला सांग. मापं तिची तीच घेईल. एकच वीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

उसवलेल्या लोकरीची लड करून ती धुवावी लागते, वाळवावी लागते आणि मग गुंडाळावी लागते. माझ्या बोटांनी एका लडीला अर्धा दिवस जाईल. सात-आठ लडी होतील. तेवढे दिवस समोर कुणीतरी दोन्ही हात पुढे करून बसायला हवं आणि एवढा वेळ समोरासमोर गप्प बसणं आता मला जमायचं नाही.

तेव्हा परसातल्या त्या वेताच्या खुर्चीचा वेत विणून घे. हात भरून आले तर गाल फुगव, पण खाली घ्यायचे नाहीत.

आणि चिमटे दोरीला परत लाव. लडी वाळत घालायला लागतील.

तुझी अक्का